बी. व्ही. राव : आपल्या ताटात ब्रॉयलर आणणाऱ्या माणसाने अंड्याचा भाव शेतकऱ्याच्या हातात कसा दिला?

रविवारी सकाळी नांदेडच्या किंवा लातूरच्या कुठल्याही चिकनच्या दुकानासमोर उभं राहा. पाटीवर दोन भाव दिसतील. एक ब्रॉयलरचा, दुसरा गावरानचा. गावरानचा भाव बहुतेक वेळा दुप्पट, कधी त्याहूनही जास्त. रांग मात्र ब्रॉयलरसाठीच असते.

शेजारच्या किराणा दुकानात अंड्यांचे ट्रे असतात. त्या अंड्यांचा घाऊक भाव रोज जाहीर होतो आणि तो दुकानदाराच्या मोबाईलवर येतो. भाजीचा, सोयाबीनचा, तुरीचा भाव बाजारात माल नेल्यावर कळतो. अंड्याचा भाव मात्र अंडी उत्पादकांची संघटना ठरवते.

ब्रॉयलरची रांग आणि अंड्याचा रोजचा भाव, या दोन्ही गोष्टींमागे एकाच माणसाचं नाव येतं. डॉ. बी. व्ही. राव. पूर्ण नाव बंडा वासुदेव राव. वेंकटेश्वरा हॅचरीज, म्हणजे आपण ज्याला वेंकीज म्हणून ओळखतो, त्या समूहाचे संस्थापक. भारतातल्या आधुनिक कुक्कुटपालनाचे जनक असं त्यांना म्हटलं जातं.

आज गावरान की ब्रॉयलर यावर सोशल मीडियावर भरपूर भांडणं होतात. एक बाजू म्हणते ब्रॉयलर म्हणजे विष, दुसरी म्हणते गावरान म्हणजे श्रीमंतांचे चोचले. या भांडणाचं मूळ समजून घ्यायचं असेल तर राव यांची गोष्ट माहिती हवी. कारण त्यांनी देशाला दोन गोष्टी दिल्या. त्यातली एक मराठवाड्यात पोचली आणि दुसरी अर्धवटच पोचली.

नांदेड आणि राव, दोघंही निजामाच्या राज्यातले

राव यांचा जन्म १९३५ चा, हैदराबाद संस्थानातला. तेव्हा नांदेड, परभणी, उस्मानाबाद, बीड आणि औरंगाबाद हे मराठी जिल्हेही त्याच संस्थानात होते. लातूर हा तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग. १९४८ च्या सप्टेंबरमध्ये संस्थान भारतात विलीन झालं तेव्हा राव तेरा वर्षांचेही झाले नव्हते. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली आणि मराठवाडा हैदराबादपासून वेगळा झाला.

राजधानी बदलली, पण व्यवहार तुटला नाही. नांदेडहून दवाखान्याला, लग्नाच्या खरेदीला आणि व्यापाराला लोक आजही हैदराबाद गाठतात. कोंबड्यांच्या धंद्यातही ही वाट पुढे महत्त्वाची ठरणार होती.

त्या काळी कोंबडी हा धंदा नव्हताच. ती अंगणात असायची. रात्री डालग्याखाली किंवा खुराड्यात, दिवसा उकिरड्यावर. किडे, सांडलेली ज्वारी, घरातलं उरलंसुरलं यावर ती जगायची. वर्षाला साधारण ५० ते ८० अंडी द्यायची. मधेच खुडूक व्हायची, अंड्यांवर बसायची आणि २१ दिवसांनी पिल्लं घेऊन हिंडायची.

या कोंबडीचे पैसे घरातल्या बाईचे असायचे. आठवडी बाजारात दोन कोंबड्या विकल्या की मीठ-मिरची आणि पोरांच्या वह्या निघायच्या. पाहुणा आला, जावई आला, जत्रा आली की एक कोंबडी कापली जायची. मटण-चिकन ही रोजची वस्तू नव्हती.

देशाचा आकडा बघितला तर अंदाज येतो. १९५०-५१ मध्ये भारतात माणशी वर्षाला ५ अंडी उपलब्ध होती. महिन्याला अर्धं अंडंही वाट्याला येत नव्हतं.

१९७१ : एक हॅचरी सुरू झाली

राव यांनी १९७१ मध्ये हैदराबादमध्ये वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. हॅचरी म्हणजे अंडी यंत्रात उबवून पिल्लं विकणारा कारखाना. ऐकायला साधी वाटणारी ही गोष्ट पुढे सगळं बदलणारी ठरली. ती का, हे नीट समजून घ्यावं लागेल.

गावरान कोंबडीत अंडी देणारी, मांस देणारी आणि पिल्लं काढणारी कोंबडी एकच असते. आधुनिक कुक्कुटपालनाने हे काम वाटून टाकलं. अंड्यांसाठी वेगळी जात, तिला लेयर म्हणतात. मांसासाठी वेगळी जात, तो ब्रॉयलर. आणि पिल्लं काढण्याचं काम कोंबडीकडून काढून यंत्राकडे गेलं.

हे आधी अमेरिकेत घडलं होतं. १९२३ मध्ये डेलावेअर राज्यातल्या सेलिया स्टील नावाच्या बाईंनी ५० पिल्लं मागवली आणि चुकून ५०० आली. त्यांनी ती परत न पाठवता मांसासाठी वाढवली आणि चांगला नफा कमावला. ब्रॉयलर धंद्याची सुरुवात तिथून मानतात. पुढे १९४८ मध्ये तिथे सगळ्यात मांसल कोंबडीसाठी देशपातळीवर स्पर्धाही झाली.

सुधारित जातींचं काम एका उतरंडीसारखं चालतं. सगळ्यात वर निवडक शुद्ध वंश असतात. त्यांच्यापासून पणजोबा-आजोबांची पिढी, मग आई-बापांची पिढी, आणि शेवटी शेतकऱ्याच्या शेडमध्ये जाणारं पिल्लू. हे पिल्लू संकरित असतं. त्याच्यापासून पुढची पिढी काढली तर ते गुण टिकत नाहीत. म्हणजे प्रत्येक वेळी पिल्लू विकतच आणावं लागतं. संकरित कापसाचं बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं, तोच हिशोब.

ज्याच्या हातात वरची पिढी, त्याच्या हातात धंदा. राव यांनी हे ओळखलं. अमेरिकेतल्या बॅबकॉक कंपनीशी सहकार्य करून त्यांनी अंड्यांची जात भारतात आणली. बीव्ही-३०० हे त्यातून आलेलं नाव आजही लेयर फार्मवर ऐकू येतं. मांसासाठी कॉब या कंपनीची जात आणली. वेनकॉब या नावाचं पिल्लू देशभरातल्या शेडमध्ये गेलं.

पिल्लू आणून भागत नव्हतं. हजारो कोंबड्या एका छपराखाली ठेवल्या की एक रोग सगळ्यांना संपवू शकतो. गावाकडे ज्याला मानमोडी म्हणतात तो राणीखेत रोग आला की अख्खा फार्म रिकामा व्हायचा. म्हणून समूहाने लसी, औषधं, खाद्य, रोगनिदान अशी एकेक कडी उभी केली. शेतकऱ्यांना प्रशिक्षण देणारी संस्था काढली. समूहाचं मुख्यालय पुण्यात आलं. १९७६ मध्ये वेस्टर्न हॅचरीज ही कंपनी स्थापन झाली, तीच आजची वेंकीज इंडिया.

कोंबडी किती बदलली?

आता आकडे बघू.

गावरान कोंबडी वर्षाला ५० ते ८० अंडी देते. लेयर कोंबडी ३०० च्या पुढे जाते. तिच्यातून खुडूक होण्याची सवयच निवडीने काढून टाकली आहे. ती अंड्यावर बसत नाही.

ब्रॉयलरमधला बदल आणखी मोठा आहे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी १९५७ ची जात आणि २००५ ची जात एकाच खाद्यावर शेजारी शेजारी वाढवून बघितली. ५६ दिवसांनी जुनी कोंबडी सरासरी ९०५ ग्रॅमची झाली. नवी ४ किलो २०० ग्रॅमची. साडेचार पटीहून जास्त.

हा फरक इंजेक्शनने येत नाही. व्हॉट्सअॅपवर फिरतं तसं ब्रॉयलरला हार्मोनचं इंजेक्शन देऊन फुगवत नाहीत. पाच हजार कोंबड्यांना एकेक करून टोचत बसणं परवडणारच नाही. वाढ येते ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून, खाद्यातून आणि शेडच्या नियोजनातून. पण त्याची किंमत कोंबडी मोजते. शरीर इतकं झपाट्याने वाढतं की पाय आणि हृदय यांना तो भार झेपत नाही. पाय अधू होणं आणि अचानक हृदय बंद पडणं हे ब्रॉयलरमधले ओळखीचे प्रश्न आहेत.

आपल्याकडे ब्रॉयलर साधारण ३८ ते ४२ दिवसांत दोन किलोच्या पुढे जातो आणि दुकानात येतो. गावरान कोंबड्याला तेवढ्या वजनासाठी कित्येक महिने लागतात. दोन भावांच्या पाटीमागचं साधं कारण हे आहे.

१९८१-८२ : अंडी खूप, पैसे नाहीत

आता गोष्टीतला खरा वळणाचा भाग.

लेयर फार्म वाढले, अंडी वाढली, पण अंड्याचा भाव ठरवायचा व्यापारी. अंडं ही नाशवंत वस्तू. कोंबडी रोज अंडं देते, तिला थांब म्हणता येत नाही. त्यात शेतकऱ्याला खाद्याची उधारी फेडायची घाई. व्यापाऱ्याने भाव पाडला की गपगुमान माल द्यावा लागे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अंडं उत्पादन खर्चापेक्षाही कमी भावाने जाऊ लागलं. फार्म बंद पडू लागले.

राव पिल्लं विकत होते. शेतकरी बुडाला तर हॅचरीही बुडणार, हे उघड होतं. म्हणजे यात त्यांचा स्वार्थ होताच. पण त्यांनी जो मार्ग काढला तो फक्त स्वतःच्या कंपनीपुरता नव्हता. ते देशभर फिरले. शेतकरी आणि व्यापारी यांच्याबरोबर सुमारे ३०० सभा-बैठका झाल्या. सांगणं एकच होतं. अंडं आपण काढतो, तर भावही आपणच ठरवायचा.

१९८२ मध्ये नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटी म्हणजे एनईसीसी स्थापन झाली. योगायोग असा की लातूर जिल्हाही त्याच वर्षी, १६ ऑगस्ट १९८२ ला, उस्मानाबादमधून वेगळा झाला.

एनईसीसीचं काम कसं चालतं? देशाचे विभाग पाडले आहेत. हैदराबाद, नामक्कल, पुणे, विजयवाडा अशी ठिकाणं त्यात येतात. त्या त्या विभागातले उत्पादक माल किती शिल्लक आहे, मागणी कशी आहे, श्रावण आहे की थंडी, हे बघून १०० अंड्यांचा भाव ठरवतात. तो सगळीकडे एकाच वेळी जाहीर होतो. म्हणजे शेतकरी आणि व्यापारी दोघांच्याही हातात एकच आकडा. भाव फारच पडला तर माल शीतगृहात वळवून बाजारातला ओघ कमी करता येतो.

हा भाव कायद्याने बांधलेला नाही. प्रत्यक्षात त्याच्या खालीही सौदे होतात. एनईसीसीवर मोठ्या फार्मवाल्यांचं वजन जास्त आहे, अशी टीकाही होते. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. देशभरातल्या उत्पादकांनी एकत्र येऊन रोजचा भाव स्वतः जाहीर करायचा, हे दुसऱ्या किती शेतमालाच्या बाबतीत होतं?

याच संस्थेने पुढे दूरदर्शनवर रोज अंडी खाण्याची जाहिरात केली. ज्यांचं बालपण ८०-९० च्या दशकात गेलं त्यांना ती चाल आजही पाठ आहे. एका कंपनीचं नाव न घेता सगळ्यांच्या मालाची जाहिरात, ही कल्पना तेव्हा आपल्याकडे नवीन होती.

१९९० मध्ये राव यांना पद्मश्री मिळाली. १९९६ च्या जानेवारीत त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्लीत जागतिक कुक्कुट परिषद भरली, ती बघायला ते नव्हते. समूहाची सूत्रं त्यांची मुलगी अनुराधा देसाई यांच्याकडे आली. २०१० मध्ये याच कुटुंबाने इंग्लंडचा ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब विकत घेतला तेव्हा कोंबडीवाल्यांनी क्लब घेतला म्हणून जगभर चर्चा झाली.

राव गेल्यानंतरही आकडे वाढतच राहिले. २०२३-२४ मध्ये माणशी अंड्यांची उपलब्धता वर्षाला १०३ वर पोचली. देशातल्या एकूण मांस उत्पादनात निम्म्याच्या जवळपास वाटा कोंबडीचा आहे. ज्या घरात मटण फक्त सणाला शिजायचं, तिथे आज दर रविवारी चिकन शिजतं. स्वस्त प्रथिनं गरिबाच्या ताटात आली, हे श्रेय नाकारता येणार नाही.

मग मराठवाड्याला काय मिळालं?

मराठवाड्याला सगळ्यात आधी मिळालं ते खाद्य पिकवण्याचं काम. ब्रॉयलरच्या खाद्यात मुख्य भाग मक्याचा आणि त्याखालोखाल सोयाबीनच्या पेंडीचा असतो. कोंबडी वाढवण्याच्या खर्चात साधारण दोन तृतीयांश खर्च खाद्याचाच. लातूरची बाजार समिती सोयाबीनसाठी देशभर ओळखली जाते. इथल्या तेल गिरण्यांमधून निघणारी पेंड कोंबडीच्या पोटात जाते.

इथेच हितसंबंध एकमेकांवर आदळतात. सोयाबीनचा भाव वाढला की शेतकरी खुश, पोल्ट्रीवाला अडचणीत. २०२१ च्या ऑगस्टमध्ये हेच झालं. सोयाबीन क्विंटलला १० हजारांच्या वर गेलं. पोल्ट्री उद्योगाने पेंडीच्या आयातीची मागणी केली आणि केंद्र सरकारने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आणायला परवानगी दिली. त्यात नव्या मालाची आवक सुरू झाली. दिवाळीपर्यंत भाव पाच-सहा हजारांवर आला. मराठवाड्यातले शेतकरी चिडले. स्वस्त चिकनचा एक धागा असा थेट लातूरच्या आडत बाजारापर्यंत येतो.

दुसरं मिळालं ते करारावरचं शेड. ही पद्धत तमिळनाडूच्या कोइमतूर भागात रुजली आणि ९० च्या दशकानंतर देशभर पसरली. कंपनी पिल्लं, खाद्य, औषधं देते. शेतकरी शेड, वीज, पाणी, तूस आणि मजुरी देतो. बॅच तयार झाली की कंपनीची गाडी येते, लिफ्टिंग होतं आणि शेतकऱ्याला किलोमागे ठरलेले काही रुपये मिळतात. खाद्य जास्त लागलं किंवा मर जास्त झाली तर त्यातून कपात.

याचा फायदा खरा आहे. बाजारात भाव कोसळला तर तोटा कंपनीचा. कोरडवाहू शेतीत दर दोन महिन्यांनी हातात पैसे येणं ही लहान गोष्ट नाही.

तोटाही खरा आहे. शेडचं कर्ज शेतकऱ्याच्या नावावर. ५,००० पक्ष्यांना साधारण ५,००० चौरस फूट शेड लागतं. पण पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, पुढची बॅच कधी टाकायची हेही कंपनीच ठरवणार. बाजारात चिकन महागलं तरी त्याचा फायदा शेडवाल्याला फारसा होत नाही. शेड आपलं आणि कोंबडी दुसऱ्याची, अशी ही अवस्था.

आणि पाणी. कोंबडी जेवढं खाते त्याच्या साधारण दुप्पट पाणी पिते. शेवटच्या आठवड्यात ५,००० पक्ष्यांना दिवसाला दीड हजार लिटरच्या आसपास पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे हा हिशोब आधी करायला हवा.

अंड्यांच्या बाबतीत तर मराठवाडा अजून गिऱ्हाईकच आहे. २०२३ च्या सुरुवातीला राज्याच्या पशुसंवर्धन विभागाने सांगितलं होतं की महाराष्ट्राला रोज जवळपास एक कोटी अंडी कमी पडतात. ती तेलंगणा, कर्नाटक, तमिळनाडूतून येतात. नांदेडला हैदराबादची वाट आजही लागते ती अशी.

कारखान्याची किंमत कोण मोजतं?

कोंबडी मोजते हे आधी आलंच. लेयर कोंबडी पिंजऱ्यात राहते. आपल्याकडे एका कोंबडीच्या वाट्याला साधारण ४५० चौरस सेंटीमीटर जागा येते. ए-फोर आकाराचा कागद घ्या, तो सुमारे ६२४ चौरस सेंटीमीटरचा असतो. म्हणजे त्या कागदापेक्षाही कमी जागेत ती सगळं आयुष्य काढते, तिला पंख पसरता येत नाहीत. २०१७ मध्ये विधी आयोगाने २६९ व्या अहवालात असे पिंजरे बंद करण्याच्या बाजूने शिफारस केली होती.

लेयर जातीचे नर पिल्लू तर कुणालाच नको असतात. ते अंडी देत नाहीत आणि मांसासाठीही लवकर वाढत नाहीत. जगभरातल्या बहुतेक हॅचरीत ते पहिल्याच दिवशी मारले जातात. आपल्याकडे त्यातले काही रंगवून विकले जातात. गावात सायकलवर गुलाबी-हिरवी पिल्लं घेऊन येणारा माणूस आठवतो? ती बहुतेकदा हीच पिल्लं.

माणूसही मोजतो. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०१४ मध्ये दिल्ली परिसरातल्या चिकनचे ७० नमुने तपासले. ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडले. प्रतिजैविकं अशी सरसकट वापरली की जंतू त्यांना जुमानत नाहीत आणि मग माणसावरही औषध चालत नाही. माणसासाठी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेलं कोलिस्टिन हे औषध कोंबड्यांनाही दिलं जात होतं. केंद्र सरकारने २०१९ मध्ये त्यावर बंदी घातली.

आणि साथ आली की परिसर मोजतो. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो २००६ मध्ये, आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. २०२१ च्या जानेवारीत नांदेडच्या शेजारी परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या मेल्या आणि अहवाल बर्ड फ्लूचा आला. २०२५ च्या जानेवारीत लातूर जिल्ह्यातल्या उदगीरमध्ये कावळे मरून पडू लागले, तेही याच रोगाने. साथ आली की ठरावीक अंतरातल्या सगळ्या कोंबड्या मारतात. त्यात अंगणातली गावरानही सुटत नाही.

म्हणजे गावरान हेच उत्तर?

इतकं सोपं नाही. गावरान कोंबडीवर मानमोडी येते, मुंगूस आणि मांजर टपलेलं असतं, पिल्लांपैकी बरीच मरतात. लसीकरण बहुतेक घरी होत नाही. देशाची आजची भूक फक्त ५०-८० अंडी देणाऱ्या कोंबडीवर भागणार नाही. शिवाय शहरात गावरान म्हणून मिळणारी कोंबडी बऱ्याचदा रंगीत पिसांची संकरित जात असते. गावरान हा शब्द लिहायला पाटीवर कुठला परवाना लागत नाही.

फसवणूकही याच शब्दावर झाली. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथ पाळा, आम्ही अंडी आणि कोंबड्या परत घेऊ अशा योजनेत हजारो शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. जात देशी होती. पण पिल्लू, खाद्य आणि खरेदीचा भाव, तिन्ही एकाच कंपनीच्या हातात होते.

दुसरीकडे एक आकडा बघा. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात ८५.१८ कोटी कोंबड्या-बदकं होती. त्यातली व्यावसायिक फार्मवरची आधीच्या गणनेपेक्षा साडेचार टक्क्यांनी वाढली. परसातली मात्र जवळपास ४६ टक्क्यांनी वाढून ३१.७ कोटींवर गेली. म्हणजे अंगणातली कोंबडी संपलेली नाही, उलट ती जोरात परत येते आहे. यात सरकारी योजनांचा आणि वनराजा, ग्रामप्रिया अशा सुधारित जातींचा मोठा हात आहे. या दोन्ही जाती हैदराबादच्याच कुक्कुट संशोधन संचालनालयाने तयार केल्या. अंगणात हिंडतात, गावरानपेक्षा जास्त अंडी देतात, आणि कोंबड्यांचे पैसे पुन्हा घरातल्या बाईच्या हातात येतात.

अशी १०-२० कोंबड्यांची घरं गावोगाव आहेत. त्यांच्याकडे नाही ते लस देणारा माणूस आणि एकत्र भाव ठरवायची सवय. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा आठवडी बाजारात दोन कोंबड्या घेऊन बसलेली बाई आपला भाव स्वतः सांगते खरी. पण दोनच कोंबड्यांचा. संध्याकाळ झाली, एसटीची वेळ झाली की तिलाही पडेल त्या भावाने द्यावी लागते. १९८१ मध्ये अंडीवाल्यांची जी अडचण होती, तीच ही.

राव यांच्या गोष्टीतून काय घ्यायचं?

राव यांनी देशाला झटपट वाढणारी कोंबडी दिली. तिच्याबरोबर पिंजरा, औषधं आणि विकतचं पिल्लू आलं, आणि स्वस्त चिकनही आलं. त्या बाजूचा हिशोब वर मांडला आहे.

पण त्यांनी दिलेली दुसरी गोष्ट म्हणजे एक विचार. पिकवणारे एकत्र आले तर भाव ठरवू शकतात. अंडीवाल्यांना हे ४० वर्षांपूर्वी जमलं. मराठवाड्यात आज करारावर ब्रॉयलर पाळणाऱ्याकडे कोंबडी आली, हा विचार नाही आला. आठवडी बाजारातल्या बाईपर्यंत तर तो पोचलाच नाही.

त्यामुळे पुढच्या रविवारी त्या दोन भावांच्या पाटीसमोर उभे राहाल तेव्हा कुठलं चिकन घ्यायचं हा निर्णय तुमचा. गावाकडे ओळखीचं घर असेल तर थेट तिथून कोंबडी किंवा अंडी घ्या, भाव करताना जरा कमी घासाघीस करा. ब्रॉयलर घेतलंत तरी हरकत नाही. फक्त पाटीवरचा आकडा कोणी ठरवला आणि त्यातले किती रुपये कोंबडी वाढवणाऱ्याला मिळाले, एवढं दुकानदाराला विचारून बघा.